पहिली थाळी कोणाची, हे जमनीबाई ठरवते

…तर मशीनवर आकडा आला शहाण्णव. काल इथंच थांबलो होतो ना आपण? रामसिंगच्या काळी-पिवळीत, यवतमाळच्या रस्त्यावर. काळी-पिवळी म्हणजे आमच्याकडची माणसं कोंबून नेणारी जीप, पण त्या शनिवारी तिच्यात एकही पॅसेंजर नव्हता. मागच्या सीटवर माझी नात वैष्णवी, वय वर्षं सात, जमनीबाईच्या मांडीवर डोकं ठेवून पडलेली. झटका थांबला होता, पण पोरगी शुद्धीवर नव्हती. मी तिच्या बोटाला टोचून थेंब काढला, माझ्या शुगरच्या मशीनची पट्टी त्याला लावली, आणि आकडा पाहून, खोटं कशाला सांगू, मला थोडं बरंच वाटलं. शहाण्णव म्हणजे अगदी बरोबर! मी मशीन जमनीबाईच्या तोंडापुढं धरलं.

"पाय. शहाण्णव. आठ महिने झाले सांगून राह्यलो, पोरीच्या खाण्याचा अन् झटक्याचा काही संबंध नाही म्हून."

जमनीबाईनं मशीनकडे पाहिलंच नाही. ती पोरीच्या पापण्या पाहत होती. म्हणाली, "मशीन बोटातलं सांगते नानाजी. डोक्यातलं कोण सांगन?"

"अवं, म्हाताऱ्या माणसासंगं आता कायले भांडून राह्यली?" स्टेअरिंगवरून रामसिंग ओरडला. रामसिंग तिचा नवरा. "पोट्टीले धर नीट, पुढं खड्डे आहेत."

मी म्हणालो, "रक्त साऱ्या अंगात एकच असते जमनी. बोटातलं येगळं अन् डोक्यातलं येगळं, असं कुठं असते का?"

मी सातवी पास. माझ्या काळी सातवी म्हणजे गावात पत्रं वाचून दाखवणारा माणूस. जमनीबाई दुसरीतून शाळा सोडलेली. त्यामुळे वादात कोण जिंकणार हे माझ्यापुरतं आधीच ठरलेलं होतं. आणि बारा दिवसांनी नागपूरच्या डॉक्टरीणबाईंनी मला काय सांगावं? जमनीबाईचंच वाक्य! फक्त त्यात चार इंग्रजी शब्द घालून.

पण ते नंतर. आधी ही जमनीबाई कोण, ते सांगतो, नाहीतर तुम्ही म्हणाल म्हातारा गाडी चालू करतो आणि पॅसेंजर बसवायला विसरतो.

जमनीबाई आडे. नेरपासून आठ किलोमीटरवर आमचं गाव, आणि गावापासून हाकेच्या अंतरावर तिचा तांडा. गावच्या जिल्हा परिषद शाळेत ती सतरा वर्षांपासून पोरांची खिचडी शिजवते. गावातली मोठी माणसं तिला खिचडीवाली बाई म्हणतात, पोरं म्हणतात जमनीयाडी. याडी म्हणजे त्यांच्या बोलीत आई. कुणब्यांची पोरंसुद्धा तेच म्हणतात. आमची लीलाबाई, म्हणजे माझी बायको, पहिल्यांदा हे ऐकून म्हणाली होती, "आई म्हणायला घरची मेली का?" आता तीच तिला जमनीयाडी म्हणते. हसावं की काय करावं?

जमनीबाईचं माहेर मुकुटबनकडचं. तिचा आजा बैलांच्या पाठीवर मिठाच्या गोण्या लादून गावोगाव जाणाऱ्यांपैकी शेवटचा. त्या जाण्याला ते लदेणी म्हणतात. आईबाप गिट्टी फोडायला जायचे ते पंधरा-पंधरा दिवस यायचे नाहीत. सहा भावंडांत ही थोरली, आणि नऊ वर्षांची असल्यापासून चूल हिच्याकडे. सगळ्यांत धाकटा भाऊ शाम. भाकरी कमी आहे हे दिसलं की तो पोट्टा म्हणायचा, "माह्यं झालं, मी जेवलो." त्याच्या खोटेपणावर ही विश्वास ठेवायची. एक दिवस तो विहिरीवर चक्कर येऊन पडला. आत नाही पडला, बाहेर पडला, देवाची कृपा. तेव्हापासून जमनीबाईनं तोंडाचं ऐकणं सोडलं. "पोटाबद्दल लेकरू तोंडानं खोटं बोलते," ती म्हणते, "डोळ्यानं नाही बोलत."

हीच सवय तिनं शाळेत आणली. सकाळी परिपाठाला पोरं ओळीनं उभी राहतात, प्रार्थना, सुविचार, दिनविशेष चालतं, तेव्हा ही स्वयंपाकखोलीच्या दारात डाव हातात घेऊन उभी. एकेका पोराचे डोळे पाहत जाते. जेवणाच्या सुट्टीत पहिली थाळी कोणाला, हे तिथंच ठरतं. हजेरीपटाशी त्याचा काही संबंध नाही. घरून उपाशी आलेलं पोर ती बरोबर ओळखते आणि बोट करून पुढं घेते.

एकदा तिनं पहिली थाळी हेडमास्तर कपिल सरांच्या हातात दिली. "सर, आज घरी चहा पण नाही भेटला वाटते." सगळी शाळा हसली. सरांचं त्या दिवशी सकाळी घरी भांडण झालं होतं, हे आम्हाला संध्याकाळी कळलं. तिला साडेदहालाच कळलं होतं.

आता वैष्णवीबद्दल. माझ्या मुलाची, अमरची, ही एकुलती एक. चार वर्षांची असताना पहिला झटका आला. चालायची तर पेरणीच्या चिखलात चालल्यासारखी, पाय रुंद टाकून. मध्येच बोलता बोलता थांबायची, नजर खिळल्यासारखी समोर पाहत राहायची. सकाळी उठली की तोल नाही, बोलणं जड. दुपारी तीच पोरगी अंगणात टणाटण उड्या मारते! शाळेत अ-आ-ई शिकून घरी यायची आणि दुसऱ्या दिवशी पाटी कोरी. झटक्याचं औषध चालू होतं, गुण म्हणावा तसा येत नव्हता. बाई सांगायच्या, पोरगी मागं पडतेय. अमर रात्रंदिवस एकच म्हणायचा, "बाबा, इचं डोकं वाया तर नाही ना जाणार?"

आणि मोठे झटके यायचे ते बहुतेक शनिवारी.

शनिवारी! मग आमच्या घरात काय झालं असेल ते तुम्हीच समजा. लीलाबाई म्हणाली, शनीची पीडा. तिनं मारुतीला नवस बोलला की पोरगी शनिवारी मारुतीला तेल घातल्याशिवाय अन्नाला शिवणार नाही. शनिवारी शाळा सकाळची, सातला भरते. त्या घाईत पोरगी आधीही धड खाऊन जायची नाही; आता तर तेल घालायचं शाळा सुटल्यावर, अकरा वाजता. म्हणजे शुक्रवारी संध्याकाळी सातला जेवलेली पोरगी शनिवारी अकरापर्यंत पाण्यावर. झटके वाढले. झटके वाढले म्हणून उपास आणखी कडक झाला. आधी कपभर दूध चालायचं, ते बंद केलं. बुद्धी कशी चालते पाहा माणसाची!

जमनीबाईनं एक दिवस मला रस्त्यात थांबवलं. "नानाजी, तुमची पोट्टी जेवणाआधी पडते. खिचडी खाल्ल्यावर एकबी डाव पडली नाही. मी वर्षभर पाहून राह्यली."

मी काय केलं? मला स्वतःला शुगरचा आजार, घरात मशीन. पुढच्या झटक्यानंतर मी लगेच पोरीचं बोट टोचलं. चौऱ्याण्णव. त्याच्या पुढच्याला एकशे एक. मी मशीन घेऊन शाळेत गेलो आणि तिला दाखवलं. "साखर कमी असती तर यात दिसलं नसतं का? तू खिचडी पाय, दवाखाना आम्ही पाहतो."

ती "बरं" म्हणाली. पण तिनं तिचं काम चालू ठेवलं. सकाळी पोरगी आली की तिला स्वयंपाकखोलीमागं न्यायची आणि स्वतःच्या घरच्या ज्वारीच्या भाकरीवर तेल-तिखट घालून द्यायची. शनिवारी साडेसहालाच. पाच आठवडे शाळेत एकही मोठा झटका आला नाही. आम्ही म्हटलं, मारुती पावला! लीलाबाईनं नारळ फोडला.

आणि मग एका शनिवारी पोरगी घरी येऊन म्हणाली, "आजी, मी थोडंच जेवते. सकाळी जमनीयाडीनं भाकर देल्ली."

घरात जे झालं ते लिहीत नाही. उपास मोडला, तोही चोरून, तोही तांड्याच्या भाकरीनं, असं लीलाबाई म्हणाली. मला तिसऱ्या गोष्टीचा राग नव्हता, पण मी काही बोललो नाही, म्हणजे मीही त्यात आलोच. मी बसलो आणि हेडमास्तरांना चिठ्ठी लिहिली. माझं अक्षर अजून वळणदार आहे. "शाळेतील स्वयंपाकी महिलेने पालकांच्या संमतीशिवाय कोणत्याही विद्यार्थ्यास शासकीय आहाराव्यतिरिक्त काहीही खाऊ घालू नये," असं एक वाक्य त्यात होतं. मला ते फार आवडलं होतं. दोनदा वाचून पाहिलं.

कपिल सरांनी चिठ्ठी तिला वाचून दाखवली. ती पुन्हा "बरं" म्हणाली. या वेळी मात्र खरोखर थांबली.

तिसऱ्या शनिवारी, परिपाठात, पोरगी पडली.

मी शाळेत पोचलो तेव्हा जमनीबाईनं तिला कुशीवर वळवून धरलं होतं. एक जण चप्पल घेऊन आला हुंगवायला, एक जण कांदा. "हाटा मांगं!" असं ती ओरडली की दोघंही दोन पावलं मागं गेले. झटका वीस मिनिटं थांबला नाही. वीस मिनिटं किती असतात हे मला त्याआधी ठाऊक नव्हतं. अमर दारव्ह्याला कामावर गेलेला, सून माहेरी. रामसिंगनं काळी-पिवळीतले पॅसेंजर उतरवले. बाकी तुम्हाला माहीत आहे. शहाण्णव.

यवतमाळच्या दवाखान्यात पोरगी संध्याकाळी शुद्धीवर आली. तिथले तरुण डॉक्टर मला विचारत होते, झटका कधी येतो, किती वेळ राहतो. मी कुंडली सांगितल्यासारखं शनिवारचं सांगायला लागलो. जमनीबाई भिंतीला टेकून उभी होती. ती मध्येच म्हणाली, "साहेब, वाराचं सोडा. उपाशीपणाचं पाहा."

डॉक्टरांनी लिहिता लिहिता पेन थांबवलं. "उपाशी असताना येतो? आणि खाल्ल्यावर?"

"खाल्ल्यावर अर्ध्या घंट्यात डोळे येगळेच होतात तिचे. शब्द फुटते. चाल सुधरते."

डॉक्टरांनी माझ्या मशीनचे आकडे विचारले. मी अभिमानानं सांगितले. ते म्हणाले, "आजोबा, रक्तात साखर पुरेशी आहे आणि तरी पोरगी उपाशी राहिल्यावर पडते, ही फार मोठी खूण आहे. तुम्ही नागपूरला जा. चिठ्ठी देतो. आणि या बाईंना सोबत घेऊन जा."

अशी दुसऱ्या चिठ्ठीनं माझी पहिली चिठ्ठी खाली बसवली.

नागपूरला आम्ही पाच जण गेलो. अमर, सून अर्पिता, मी, पोरगी आणि जमनीबाई. शाळेची खिचडी दोन दिवस तिची जाऊ सुखीबाई करणार होती. तरी ही रस्ताभर "मीठ जास्त टाकन ते" म्हणत होती. तिथं लहान मुलांच्या मेंदूच्या डॉक्टरीणबाई. त्यांनी पोरीला उपाशी ठेवून, जवळ नर्स उभी करून, एकाच वेळी दोन तपासण्या केल्या. हातातलं रक्त, आणि पाठीच्या मणक्यातून थोडंसं पाणी. मेंदूभोवती जे पाणी असतं तेच ते. रक्तातली साखर अठ्ठ्याऐंशी. पाण्यातली चौतीस.

"यात पन्नासच्या वर पाहिजे होती," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "साखर रक्तात आहे, पण मेंदूत पोचत नाहीये. बोटातली वेगळी आणि डोक्यातली वेगळी."

मी जमनीबाईकडे पाहिलं नाही. हिंमत झाली नाही.

नंतर रक्त कुठं लांब पाठवलं, जन्माच्या लिखाणाची, म्हणजे जनुकांची, तपासणी झाली, महिन्यानं पक्कं झालं. पण डॉक्टरीणबाईंनी आम्हाला त्याच दिवशी समजावून सांगितलं, आणि असं सांगणं मी माझ्या सत्तर वर्षांत ऐकलं नव्हतं. म्हणाल्या, "रक्त मेंदूवर असं सांडत नाही. मध्ये भिंत असते. त्या भिंतीतून साखर आपोआप जात नाही, तिला नेणारा लागतो. भिंतीत बारीक बारीक प्रथिनं बसलेली असतात, साखर वाहून आत नेणारी."

मी म्हणालो, "प्रथिनं म्हणजे दूध, डाळ."

"आजोबा, ही खायची नाहीत, अंग स्वतः बनवतं. चारशे ब्याण्णव मण्यांची एक माळ समजा. ती माळ त्या भिंतीतून आरपार जाते, परत येते, परत जाते. अशी बारा वेळा."

जमनीबाईच्या मांडीवर तिचं शिवणकाम होतं. आरशाचे तुकडे लावलेली एक झोळी. ती म्हणाली, "टाका घालतो तसं?"

"अगदी तसं."

"बारा डाव आरपार," तिनं सुई वर-खाली करून पाहिली, "म्हंजे दोऱ्याची दोन्ही टोकं एकाच बाजूले राह्यतीन."

डॉक्टरीणबाई उठून उभ्याच राहिल्या! म्हणाल्या, "बाई, ही गोष्ट आम्ही पुस्तकात वाचली. दोन्ही टोकं पेशीच्या आतल्या बाजूला असतात. तुम्ही सुईवरून सांगितलंत."

मग त्यांनी दोन्ही हातांची ओंजळ केली. "बारा टाके म्हणजे एका हातात सहा, दुसऱ्यात सहा. मध्ये पोकळी. ज्याला फुटाणा असेल त्यानं द्या." लीलाबाईनं मारुतीचा प्रसाद अर्पिताच्या पदराला बांधून दिलेला होताच. फुटाणा ओंजळीत पडला. "आता पाहा. वर बोटं उघडी, खाली मनगटं जुळलेली. साखरेचा कण वरून येऊन बसला. मग वरची बोटं मिटली, खाली मनगटं उघडली." फुटाणा टेबलावर टपकन पडला. "कण आत गेला. पुन्हा मनगटं जुळली, बोटं उघडली, दुसरा कण. एका सेकंदात शेकडो वेळा. आणि दोन्ही बाजू एकाच वेळी कधीच उघडत नाहीत. याला वेगळी ताकद लागत नाही. जिकडे साखर जास्त तिकडून जिकडे कमी तिकडे."

वैष्णवीनं तो फुटाणा उचलला आणि स्वतःच्या ओंजळीत घालून पाहिलं. तिचा पडला नाही, मनगटात अडकला.

"तुझं असंच झालंय बेटा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "या माळेचं लिखाण प्रत्येकाकडं दोन प्रतींत असतं. एक आईकडची, एक बाबांकडची. हिच्या एका प्रतीत चूक असावी, म्हणून अर्धीच दारं चालतात. आणि बहुतेक वेळा ही चूक आईकडून नाही, बाबांकडूनही नाही. पोराच्या वेळी नव्यानंच होते."

पुढं तपासणीत तसंच निघालं. पण अर्पिता त्याच क्षणी रडायला लागली. तीन वर्षं आमच्या घरात कोणी तोंडावर म्हटलं नव्हतं, पण "कोणाकडून आलं" हा प्रश्न तिच्या ताटात रोज वाढला जात होता. त्या एका वाक्यासाठी मी त्या डॉक्टरीणबाईंचा जन्मभर ऋणी आहे.

माझ्या डोक्यात मात्र तिफण चालू झाली होती. पेरताना चाड्यात, म्हणजे वरच्या लाकडी वाटीत, बी भरलेलं असतं. तिथून नळ्यांतून ते तासात, म्हणजे जमिनीतल्या ओळीत, पडतं. एखादा नळा मातीनं बुजला की काय होतं? चाडं भरलेलं दिसतं, आपण निवांत बैल हाकतो, आणि आठ दिवसांनी पाहावं तर अख्खं तास कोरडं. पेरणारी बाई अनुभवी असली तर हाताला कळतं तिला, ती ओरडते, "थांबा, नळा बुजला!" मी आठ महिने चाड्यात हात घालून बी मोजत होतो. आणि जी ओरडत होती तिला चिठ्ठी लिहून गप्प केलं होतं.

हे मी तिथंच बोलून दाखवलं. डॉक्टरीणबाई हसल्या. "आणि तुमचं वेगळंच आहे आजोबा. तुमच्या स्नायूतली दारं दुसऱ्या जातीची. ती भिंतीत उभी नसतात, पेशीच्या आत बसून राहतात. इन्सुलिननं हाक मारली की पुढं येतात. तुमची हाकेला ओ देत नाहीत. पण तुम्ही चाललात की तीच दारं हाकेशिवाय पुढं येतात. चालता का?"

"मोटरसायकल आहे," मी म्हणालो.

"ते दिसतंच," जमनीबाई पहिल्यांदा माझ्याकडं पाहून म्हणाली.

मग तिनंच खरा प्रश्न विचारला. "बाई, हे वाट बंद आहे तर दुसरी नाही का? माह्या आज्याची लदेणी घाटात अडकली की तो मीठ खाली टाकत नव्हता. बैल वळवून दुसऱ्या घाटानं न्यायचा. पाच दिवस जास्त लागायचे, पण मीठ पोचायचं."

आहे! दुसरा घाट आहे! अंगाला साखर जवळजवळ द्यायचीच नाही, तूप-तेल-साय द्यायची. मग यकृत त्या चरबीचा दुसरा माल तयार करतं, आणि तो माल मेंदूत दुसऱ्याच दारानं जातो. ते दार हिचं शाबूत आहे. मात्र हे घरच्या मतानं करायचं नाही. डॉक्टरांच्या देखरेखीखाली, काट्यावर तोलून, रोज, वर्षानुवर्षं. भात, पोळी, गूळ, साखर बाजूला. प्रसादाचा पेढासुद्धा नाही.

ऐकायला सोपं आहे. आमच्या गावात पोर दिसलं की हातावर काहीतरी गोड ठेवल्याशिवाय माणूस पुढं जात नाही. आणि शाळेत रोज भात. अमर म्हणाला, पोरीला शाळेतून काढू, घरीच ठेवू. तिथं जमनीबाई बोलली, "घरी ठेवून काय शिकन ते? माह्याकडं पाठवा. मी करते."

तिनं केलं. दवाखान्यानं दिलेला तक्ता कपिल सरांकडून दहा वेळा वाचून घेतला आणि पाठ केला. शाळेच्या चुलीवर मोठ्या पातेल्याशेजारी एक लहान कढई आली. त्यात तुपातलं अंडं, साय घातलेली पालक, पनीर. लहानसा काटा तिनं दिवा ठेवतात त्या कोनाड्यात ठेवला. ग्राम इकडचा तिकडं होत नाही. ती तोलायला लागली की पोरं पण गप्प उभी राहतात. आमच्या घरात अंडं चालत नव्हतं. लीलाबाईनं पंधरा दिवस तोंड फिरवलं. सोळाव्या दिवशी अंगणात वेगळी चूल मांडून म्हणाली, "जमनीयाडीले विचारा, तूप आधी का अंडं आधी." शनिवारचा उपास तिनं मोडला नाही. पोरीच्या नावचा ती स्वतः धरते. देवाशी बोललेलं आहे म्हणते, कोणीतरी फेडायलाच पाहिजे.

आणि गावाला कसं समजवावं? जमनीबाईनं परिपाठात शाळेच्या सगळ्या पोरांना ओंजळ करायला लावली आणि एकेक फुटाणा दिला. वर उघड, खाली बंद. वर बंद, खाली उघड. शंभर फुटाणे टपटप जमिनीवर. मग वैष्णवीची अर्धी दारं सांगितली. पोरांनी घरी जाऊन आयांना दाखवलं. आमच्या गावात आज भाजी विकणारा नानेसुद्धा दाखवून देईल की साखर मेंदूत कशी जाते. संक्रांतीला वैष्णवीच्या हातावर नुसते चार तीळ ठेवतात आणि म्हणतात, "गूळ आमच्याकडं उधार."

दोन वर्षं होत आली. मोठा झटका एकही नाही. पहिल्या महिन्यात उलट्या झाल्या, पोरगी चिडचिडी झाली, एकदा लग्नात कोणीतरी जिलेबी दिली आणि दोन दिवस तिची नजर थांबायला लागली, हेही सांगायला पाहिजे. बरी झाली असं डॉक्टर म्हणत नाहीत, वाट सापडली म्हणतात. चाल अजून थोडी रुंद आहे. पण चौथीत आहे, आणि मला रोज संध्याकाळी धडा वाचून दाखवते. अडखळते तिथं मी सांगायला जातो तर म्हणते, "थांबा ना आबा, येऊन राह्यलं." आणि येतं. अर्ध्या मिनिटानं येतं, पण शब्द येतो! त्या अर्ध्या मिनिटात मी कितीदा हात जोडले असतील.

मीही चालतो. रोज सकाळी तिच्या तुपाचा डबा घेऊन शाळेपर्यंत, तिच्यासोबत. माझ्या मशीनचा आकडाही उतरलाय. एका बाईमुळं घरातल्या दोघांची दारं उघडली.

म्हणून या जानेवारीत मी ठरवलं, सव्वीस तारखेला झेंडावंदनानंतर जमनीबाईचा सत्कार करायचा. शाल, नारळ, साडी, आणि माझं भाषण. भाषण चार पानी लिहिलं. एकच गोष्ट त्यात लिहिता येत नव्हती. ती चिठ्ठी. दोन वर्षांत त्या चिठ्ठीबद्दल ती एक शब्द बोलली नव्हती, मीही नाही. ती गोष्ट सोडून भाषण वाचलं असतं तर ते खोटं झालं असतं.

परवा सकाळी शाळेत डबा द्यायला गेलो आणि तिथंच थांबलो. ती तांदूळ निवडत होती. परिपाठाची घंटा व्हायची होती. मी स्वयंपाकखोलीच्या उंबऱ्याशी उकिडवा बसलो आणि म्हणालो, "जमनीबाई, त्या चिठ्ठीबद्दल मी तुही माफी मांगतो. इतका शहाणपणा केला मी, पोरगी जाता जाता वाचली. सत्काराच्या दिवशी मी हे साऱ्या गावापुढं बोलणार आहे. पण आधी तू मले सांग, तुले माह्या राग कसा नाही आला?"

तिनं सूप खाली ठेवलं. मी तिचं बोलणं घरी येऊन लगेच लिहून काढलं, त्यातला एक शब्द बदललेला नाही:

"कोण म्हणते नाही आला? आलता ना नानाजी. तुमचाबी आला, पण तुमच्याहून जास्त माह्या आला. तुम्हाले दिसत नव्हतं, मले तर दिसत होतं. तीन शनिवार मी तिचे डोळे पाह्यले अन् भाकर पदरात तशीच ठेवली, कागदाले भेली म्हून. शामच्या वक्ती मी लहान होती, हा डाव तर लहान नव्हती. साऱ्या गावापुढं बोलाचंच असन तर इतकंच बोला, का उपाशी लेकराले घास द्याले जमनी आता कोणाची चिठ्ठी वाचणार नाही, तुमची नाही, सरकारची नाही. शाल लीलाबाईले द्या, शनिवारी उपाशी ते राह्यते. अन् सरका आता दारातून, घंटा झाली, मले पोट्ट्यायचे डोळे दिसून नाही राह्यले."